दौंड–मनमाड मार्गावरचा जॅझ

दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग नगर गाठण्याआधी अरणगावच्या शिवारातून जातो. पुढे राहुरी लागते, मग बेलापूर नावाचं श्रीरामपूरचं स्टेशन आणि त्यापुढे गोदाकाठचं पुणतांबं. पुणतांब्यात चांगदेवांची समाधी आहे आणि शिर्डीच्या गाडीचा फाटाही तिथूनच फुटतो. उसाचे मळे, साखर कारखान्यांची धुराडी, कांद्याच्या गोण्या आणि साईबाबांच्या दर्शनाला निघालेली माणसं अशी या मार्गाची आपली ओळख. इथे कोणी जॅझ शोधायला येत नाही.

तरीही या एकाच रुळावर जॅझच्या दोन गोष्टी घडलेल्या आहेत आणि दोन्ही आपल्या नगर जिल्ह्याने जपाव्यात अशा आहेत. पहिली पुणतांब्याची. 12 जानेवारी 1918 रोजी तिथे रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. पुढे सी. रामचंद्र या नावाने त्यांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यात ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि बाँगो असे आणून बसवले की ते परके वाटेनासे झाले. दुसरी गोष्ट अरणगावची. तिथल्या टेकडीवर 1969 साली मेहेरबाबांचा देह समाधीत ठेवला गेला, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार एका अमेरिकन गाण्याची तबकडी सात वेळा वाजवली गेली. गाण्याचं नाव 'बिगिन द बिगीन'. जॅझ वाजवणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा नव्याने मांडलेल्या गाण्यांत ते फार वरच्या जागी आहे.

जॅझची छोटी मंडळी, मग ती दोघांची असो की पाचांची, मुख्यतः दोन प्रकारचं संगीत वाजवते. एक, स्वतः रचलेली गाणी. दुसरं, जुनी सर्वांना ठाऊक असलेली गाणी, जी प्रत्येक जण आपल्या पद्धतीने फिरून घडवतो. या दुसऱ्या प्रकाराला ते स्टँडर्ड म्हणतात. ही कल्पना आपल्याला समजावून घ्यावी लागत नाही. एकच बंदिश दहा गायक गातात आणि आपण बंदिश तीच आहे म्हणून उठून जात नाही. आज ती कशी उलगडते, कुठे नवी जागा घेतली जाते, हे ऐकायला आपण बसलेलो असतो. ज्ञानदेवांच्या विराण्या सातशे वर्षं जुन्या आहेत. हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांना चाली दिल्या आणि त्या आपल्या पिढीच्या झाल्या. ज्या जिल्ह्यातल्या नेवाशाला शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या जिल्ह्याला जुन्या शब्दाचा नवा उच्चार म्हणजे काय हे शिकवायला नको.

पुणतांब्याचा मुलगा

चितळकरांचा पाया अभिजात संगीताचा. पुण्याला गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे ते शिकले. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटीवाले म्हणून राहिले. म्हणजे जॅझ त्यांना वारशात मिळाला नव्हता. तो त्यांनी मुंबईत ऐकला.

तेव्हाची मुंबई ऐकण्यासारखीच होती. 1935 साली लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा संच घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी हे संगीत उचललं. चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेली ही मुलं व्हायोलिन, ट्रम्पेट, क्लॅरिनेट लीलया वाजवत. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ त्यांतलेच. लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगाने ट्रम्पेट वाजवणाऱ्या या माणसाला सगळे चिक चॉकलेट म्हणूनच ओळखत. रात्री हॉटेलात नाचाचं संगीत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग, असा या वादकांचा दिनक्रम बसला. 1949 च्या कायद्याने मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या, आणि सिनेमाच्या संगीताचा आधार त्यांना अधिकच लागू लागला.

चितळकर आणि चिक यांची जोडी जमली ती या स्टुडिओंत. त्या काळच्या कामाची रीत डोळ्यांसमोर आणली तर या संगीताचं मर्म कळतं. संगीतकार पेटी पुढ्यात घेऊन चाल गाऊन दाखवतो. ती त्याच्या गळ्यात असते, कागदावर नसते. गोव्याचा साहाय्यक ती ऐकत ऐकत पाच रेघांवर उतरवतो. मग कुठल्या ओळीमागे ट्रम्पेटने उत्तर द्यायचं, कुठे क्लॅरिनेटने मधली जागा भरायची, बाँगोचा ठेका कुठून सुरू होणार, हे ठरतं. एकाला नोटेशनची गरज नसते, दुसऱ्याला रागाचं नाव ठाऊक नसतं. दोघांना जोडणारा दुवा एकच, कान.

1947 च्या 'शहनाई'तल्या 'आना मेरी जान संडे के संडे' या गाण्यात गिटार, माउथ ऑर्गन आणि सॅक्सोफोन एकत्र आले आणि चितळकर स्वतः त्यात गायले. 1950 च्या 'समाधी'तल्या 'गोरे गोरे ओ बांके छोरे'वर एडमुंडो रॉसच्या एका लॅटिन गाण्याची छाया आहे. रॉस त्रिनिदादचा. कॅरिबियन बेटांवरची लय गोदाकाठच्या माणसाच्या हातून हिंदीत आली ती अशी. 1951 च्या 'अलबेला'त 'शोला जो भडके' आलं, बाँगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन घेऊन. या सिनेमात चिक आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात. सिनेमाच्या वाद्यवृंदातल्या माणसांना चेहरा मिळण्याचे असे प्रसंग फार थोडे.

याच 'अलबेला'त 'धीरे से आजा री अखियन में' ही अंगाईही आहे. बाँगोच्या ठेक्यावर नाचवणारा आणि पिलूच्या वळणाने झोपवणारा संगीतकार एकच, आणि सिनेमाही एकच. दोन वर्षांनी आलेल्या 'अनारकली'त त्यांनी बागेश्री मांडला. 1957 च्या 'आशा'त 'ईना मीना डीका' दिलं. त्याची जन्मकथा अशी सांगतात की बाहेर मुलं खेळताना म्हणत होती त्या निरर्थक बोलांवरून ही सगळी गंमत सुचली, आणि जॉन गोम्स नावाच्या गोव्याच्या साथीदाराने तिला शेपूट जोडलं. म्हणून त्या गाण्यात एक चिमुकला कोंकणी नकार आजही ऐकू येतो. गाण्यात अर्थाचे शब्द जवळजवळ नाहीत. जॅझमध्ये गळ्याने वाद्यासारखे बोल फेकण्याची जी रीत आहे, ती इथे इतकी सहज आली की गावोगावच्या लग्नांच्या बँडवाल्यांनी ती उचलली. आपण त्या तालावर वरातीत नाचलो, आणि हा जॅझ आहे असं आपल्याला कोणी सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही, इतका तो आपला झाला होता.

स्वतःची गाणी रचणं म्हणजे हे. अण्णा चितळकरांनी जॅझची नक्कल केली असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्या चाली नुसत्या पेटीवर वाजवून पाहाव्यात. वाद्यं काढून घेतली तरी खाली उरतो तो मराठी कानावर वाढलेला, गाता येण्याजोगा, गोड मुखडा.

एकशे आठ आवर्तनं

आता अरणगावकडे यायचं, तर वाट अटलांटिक ओलांडूनच जाते.

मार्टिनिक हे कॅरिबियन समुद्रातलं फ्रेंच सत्तेखालचं बेट. तिथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ढोल आणि फ्रेंच दिवाणखान्यातला जोडीचा नाच यांच्या मिश्रणातून बिगीन नावाचा संथ, झुलता नाच निघाला. अमेरिकन गीतकार-संगीतकार कोल पोर्टर याने 1935 साली फ्रँकोनिया जहाजावरच्या दीर्घ सफरीत काम करत असताना त्या नाचाच्या नावावर एक गाणं बांधलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 'ज्युबिली' या संगीतिकेतून ते न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आलं.

गाण्याचा बांध विलक्षण आहे. त्या काळची बहुतेक अमेरिकन गाणी बत्तीस बारांची असत. चार मात्रांचं एक आवर्तन म्हणजे एक बार धरला तर बत्तीस आवर्तनांत गाणं पुरं. पोर्टरचं गाणं एकशे आठ बारांचं आहे. सोळा-सोळा बारांचे पाच खंड आणि शेवटी अठ्ठावीस बारांचा लांबलेला खंड. 108 म्हटलं की आपल्या हाताला जपमाळ लागते. पोर्टरच्या मनात ती असण्याचं काही कारण नाही. हा निव्वळ योगायोग. पण अरणगावात हे गाणं ऐकणाऱ्या मराठी माणसाच्या मनात तो आल्यावाचून राहत नाही.

गाण्याचा आशयही साधा नाही. नाचाचा तो ताल सुरू झाला की गाणाऱ्याला एक हरवलेलं प्रेम आठवतं. उष्ण प्रदेशातली रात्र, ताडाची झाडं, दिलेल्या आणाभाका. आठवण सोसवत नाही म्हणून तो विनवतो, हा ताल सुरू करू नका. चाल चढत जाते, आठवण भरून येते, आणि शेवटच्या लांबलेल्या खंडात तोच माणूस उलट विनवू लागतो, वाजवा, पुन्हा सुरू करा. विरहाचं दुःख नको असलेला माणूस ते दुःखच मागतो, कारण प्रेयसी आता त्या दुःखातच उरली आहे. आपल्याकडे याला विराणीच म्हणतात.

संगीतिकेतून गाणं फारसं गाजलं नाही. 24 जुलै 1938 रोजी अठ्ठावीस वर्षांच्या आर्टी शॉ या क्लॅरिनेटवादकाने ब्लूबर्ड कंपनीसाठी ते ध्वनिमुद्रित केलं. मांडणी जेरी ग्रे याची. तबकडीच्या पहिल्या बाजूला दुसरंच गाणं होतं, हे मागच्या बाजूचं. शॉ आणि ग्रे यांनी बिगीनचा झुलता ठेका बाजूला ठेवला आणि चार मात्रांच्या सरळ, पुढे रेटणाऱ्या स्विंगवर गाणं चढवलं. शब्द काढून टाकले. विनवणीचं सगळं काम क्लॅरिनेटवर आलं. ती तबकडी ऐकताना माझं लक्ष दर वेळी एकाच ठिकाणी खिळतं. आरंभीचा वाद्यमेळाचा जोरकस तुकडा संपतो आणि त्यातून क्लॅरिनेट अलगद वर येतं. घाई नाही, आवाज चढवणं नाही. मागचा सगळा संच धावतो आहे आणि हा एकटा सूर चालत निघाला आहे. तीन मिनिटांच्या पुढेमागे तबकडी संपते. मागच्या बाजूच्या या गाण्याने शॉ एकदम प्रसिद्ध झाला.

मग रांगच लागली. चार्ली पार्करने 1952 साली हे आपल्या सॅक्सोफोनवर घेतलं. एला फिट्झजेराल्डने 1956 च्या कोल पोर्टर संग्रहात शब्दांसह गायलं. स्पॅनिशमध्ये हुलिओ इग्लेसियासने 1981 साली ते पुन्हा जगभर पोचवलं. प्रत्येकाने काही बदललं. कोणी ठेका, कोणी भाषा, कोणी वाद्य.

अरणगावच्या ऐकणाऱ्याने एकही सूर बदलला नाही.

मुका रसिक

मेहेरबाबा, म्हणजे मेरवान शहरियार इराणी, 25 फेब्रुवारी 1894 रोजी पुण्यात एका जरथुश्त्री कुटुंबात जन्मले. हजरत बाबाजान, साकुरीचे उपासनी महाराज, शिर्डीचे साईबाबा, केडगावचे नारायण महाराज आणि नागपूरचे ताजुद्दीन बाबा या पाच सद्गुरूंशी त्यांचं नातं सांगितलं जातं. पाचांतले दोघे याच जिल्ह्यातले. मे 1923 मध्ये ते आपल्या माणसांसह अरणगावला आले. पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या लष्करी तळाच्या इमारती तिथे उरल्या होत्या. त्यांतून मेहेराबाद उभं राहिलं. बाबांच्या निकटच्या साथीदारांना 'मंडळी' म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतही तो शब्द तसाच छापला जातो. भजनी मंडळी, नाटक मंडळी, बाबांची मंडळी. एका माणसाभोवती, एका सुरासाठी जमलेल्या थोड्या लोकांना मराठीत याहून नेमका शब्द नाही, आणि जॅझच्या छोट्या संचालाही मला तोच शोभतो असं वाटतं.

10 जुलै 1925 पासून बाबा बोलले नाहीत. 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवीपर्यंत, म्हणजे 43 वर्षांहून अधिक काळ. आधी ते अक्षरफलकावर बोट फिरवून सांगत. 1954 साली तोही सोडला आणि फक्त हातांच्या खुणा उरल्या. न बोलणारा हा माणूस संगीताचा मात्र मोठा भुकेला होता. कव्वाली आणि गझल त्यांना अतिशय प्रिय, आणि तितक्याच मोकळेपणी पाश्चात्य तबकड्याही. जिम रीव्ह्जचं 'देअर्स अ हार्टएक फॉलोइंग मी' त्यांना आवडे. आणि हे 'बिगिन द बिगीन'.

त्यांनी ते गायलं नाही, वाजवलं नाही, त्याची चाल बदलली नाही. ते कुठे वाजावं एवढंच सांगितलं. पण नाचघरातलं गाणं समाधीपाशी नेलं की त्याच्या प्रत्येक शब्दाचा पत्ता बदलतो. प्रेयसीला उद्देशून असलेली विनवणी गुरूला उद्देशून होते. हरवलेली रात्र म्हणजे सहवासाचे दिवस होतात. शोकाच्या घडीला लावलेल्या गाण्याच्या नावाचा पहिला शब्दच 'सुरू करा' असं सांगतो. पार्करने या गाण्यात जे केलं ते थोर आहे, शॉने केलं तेही. तरी मला वाटतं की या गाण्याची सर्वांत धाडसी पुनर्घडण नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, एका मौनी ऐकणाऱ्याने केली. गाणं ऐकणाराही घडवतो. तो ते कुठे ठेवतो, कशासाठी जपतो, कोणत्या क्षणी मागतो, यावरही गाण्याचा अर्थ ठरतो.

मौनाला आलेली उत्तरं

या मौनातून पुढे जी गाणी निघाली त्यांचा हिशेब मांडला की थक्क व्हायला होतं.

ऑस्ट्रेलियाचा कवी फ्रान्सिस ब्राबझोन बाबांच्या अखेरच्या दहा वर्षांत नगरजवळच्या पिंपळगावच्या मेहेराझादला राहिला आणि तिथे त्याने इंग्रजीत गझला लिहिल्या. इंग्लंडच्या 'द हू' या रॉक संचाचा पीट टाउनशेंड बाबांचा भक्त. 1970 साली त्याने 'हॅपी बर्थडे' या तबकडीसाठी 'बिगिन द बिगीन' पुन्हा मुद्रित केलं. 1971 च्या 'बाबा ओ'रायली' या त्याच्या गाण्याच्या नावात मेहेरबाबा आहेत आणि टेरी रायली आहे. हा रायली म्हणजे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकलेला अमेरिकन संगीतकार. 1972 च्या 'हू केम फर्स्ट'मध्ये टाउनशेंडने बाबांच्या प्रार्थनेवर स्वतःचं गाणं रचलं आणि जिम रीव्ह्जचं ते आवडतं गाणंही घेतलं. एक स्वतःचं, एक जुनं नव्याने. जॅझच्या मंडळीची रीत रॉकवाल्याच्या तबकडीवरही तीच.

आणि मग सॅन फ्रान्सिस्कोतलं एक घर. टक अँड्रेस आणि पॅटी कॅथकार्ट या जॅझ वाजवणाऱ्या नवराबायकोचं. त्यांचा संच म्हणजे एक गिटार आणि एक गळा. तिसरं कोणी नाही. 1988 च्या 'टीअर्स ऑफ जॉय' या त्यांच्या पहिल्या तबकडीचं शीर्षकगीत पॅटीचं स्वतःचं. शेजारी 'माय रोमान्स', पोर्टरच्या गाण्याइतकंच जुनं, 1935 चं. आणि सिंडी लॉपरचं तेव्हा ताजं असलेलं 'टाइम आफ्टर टाइम', पण इतकं संथ आणि मोकळं केलेलं की ते जुन्या काळचंच वाटावं. टक एकाच गिटारवर खर्ज, सुरावळ आणि ठेका तिन्ही सांभाळतो आणि पॅटी त्यावर आपल्या जाड, मधाळ आवाजात सावकाश जागा घेत जाते. कमी माणसांत संगीत कसं भरून येतं हे ज्याला पाहायचं आहे त्याने ही जोडी ऐकावी.

या घराच्या भिंतीवर मेहेरबाबांचं पोस्टर होतं. त्यावर बाबांचं नेहमीचं सांगणं छापलेलं होतं, 'डोन्ट वरी, बी हॅपी'. घरी आलेल्या बॉबी मॅकफेरिन या गायकाने ते पाहिलं आणि त्यावर गाणं केलं. 1988 च्या 'सिंपल प्लेझर्स'मध्ये ते आलं. त्या तबकडीवर एकही वाद्य नाही. सगळे सूर, सगळा ठेका मॅकफेरिनच्या एकट्याच्या गळ्याचा आणि अंगाचा, थरावर थर चढवून मुद्रित केलेला. तिथेही स्वतःच्या गाण्यांच्या जोडीला बीटल्सचं 'ड्राइव्ह माय कार' आहे, नुसत्या गळ्यातून नव्याने उभं केलेलं. 'डोन्ट वरी, बी हॅपी' अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. वाद्याशिवायचं गाणं त्या जागी पोचण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढच्या वर्षी वर्षातल्या सर्वोत्तम गीताचं आणि सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचं, अशी दोन्ही ग्रॅमी पारितोषिकं त्याला मिळाली.

आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात, बसमध्ये, फोनच्या रिंगटोनमध्ये ते गाणं वाजलं. आपल्याच जिल्ह्यातून निघालेला निरोप परत आला होता, हे फार थोड्यांना कळलं. बाबांच्या सांगण्याला पहिला अर्धा भागही होता, आधी तुमच्या परीने सर्व काही करा. मॅकफेरिनच्या तबकडीत तो अर्धा भाग न बोलता हजर आहे. इतकं हलकं वाटणारं गाणं एकट्या गळ्यातून उभं करायला किती मेहनत लागली असेल ते कान देऊन ऐकणाऱ्याला कळतं.

आरतीनंतर

टेकडीवरची समाधीची खोली लहान आहे. घुमटाभोवती चार कोपऱ्यांवर हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती आणि जरथुश्त्री या चार धर्मांची चिन्हं आहेत. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला इथे आरती होते. आरती संपली की माणसं लगेच पांगत नाहीत. ज्याला जे येतं ते तो गातो. मराठी भजन होतं, हिंदी गझल होते, कोणी गिटारवर इंग्रजी गाणं म्हणतं. काही जण स्वतःचं रचलेलं गातात, काही जण पन्नास वर्षं इथे गायलं जाणारं आपल्या गळ्याने पुन्हा म्हणतात. कोणी कोणाला आधी-नंतर ठरवून देत नाही. 31 जानेवारीच्या अमरतिथीला देशोदेशीचे लोक येतात तेव्हा हीच मैफल मोठी होते, आणि मग दुपारी बारा ते सव्वाबारा सगळे जण मौन पाळतात. एवढ्या गाण्यांच्या मध्ये ती पंधरा मिनिटंही गाण्याचाच भाग वाटतात.

याच रुळावर पुढे चांगदेव आहेत. त्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. ज्ञानदेवांना काय मायना लिहावा हे कळेना म्हणून चांगदेवांनी कोरंच पत्र पाठवलं, आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या. कोऱ्या कागदाला कवितेने उत्तर देण्याची रीत या भागात फार जुनी आहे. अरणगावहून 43 वर्षांचा एक कोरा कागद जगाकडे गेला. ब्राबझोनने त्याला गझलेने उत्तर दिलं, टाउनशेंडने गिटारने, मॅकफेरिनने शिट्टीने. आणि पुणतांब्याच्या चितळकरांनी तर जगाकडून आलेलं पत्र वाचून परस्पर आपल्या चालीत उत्तरं लिहिली.

दौंड–मनमाड गाडीत पुन्हा बसाल तेव्हा कानात ही दोन गाणी असू द्या. अरणगावच्या शिवाराआधी शॉचं क्लॅरिनेट लावा, आणि पुणतांब्याला गोदावरीचं पात्र दिसेपर्यंत 'शोला जो भडके'ची वेळ येईल. खिडकीबाहेर तोच ऊस, तीच गावं असतील. ठेका रुळांचा असेल.